गुरुवार कुठं गेला

नागपुरात वारांना स्वतःची घरं आहेत.
पंचांगात ते भाड्यानं राहतात,
रात्री बाराला सामान बाहेर.
इथं इतवारी आहे, मंगळवारी आहे, बुधवारी आहे,
सोमवारीला क्वार्टर मिळालंय, सरकारी नोकरासारखं,
शुक्रवारीकडे तर मालकीचं तळं.
गुरुवारी?
मला तरी सापडली नाही.
रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला,
"आज नाई जमत बाई, बुधवारी सोडू का?"

याला कारण मीच असावी, अशी मला दाट शंका आहे.

महालातल्या एका छापखान्यात एकोणीस वर्षं
मी दिनदर्शिकांची प्रुफं वाचली.
संकष्टी, प्रदोष, पंचक,
दुधाच्या हिशोबाची रेघ,
आणि एका वर्षी भाद्रपदात
लोमेश उपरीकरनं खिळे जुळवले:
बुधवार, बुधवार, शुक्रवार.
खाली सही माझी.

तीन हजार प्रती गेल्या, पार गोंदियापर्यंत.
तक्रार एकच आली, इस्त्रीवाल्या दुर्पताबाईंची.
त्यांचा गुरुवारचा उपास. दिवसच न सापडल्यानं
त्यांनी तर्रीपोहे खाल्ले, दोन प्लेट,
तर ते पाप कोणाच्या खात्यात मांडायचं?

मी शोधायला निघाले.

इतवारीत पोत्यांच्या गाडीशी बैल उभा होता.
म्हणाला, "पयले होता आदित्यवार.
त्याचा झाला आइतवार, त्याचा इतवार.
सूर्य झिजत झिजत गल्लीत येऊन बसला,
तरी पाठ भाजतेच ना बे!
गुरुवार मले नाई माईत. मले पोया माईत.
एक दिवस शिंगाले रंग,
अन् दुसऱ्या दिवशी
लाकडाच्या बैलाले बक्षीस."
एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.
तान्ह्या पोळ्याचा विषय मी वाढवला नाही.

शुक्रवारीच्या तळ्यावर बगळा, एका पायावर.
दुसरा पाय?
"तो गुरुवारचा," म्हणाला. "वर उचलून ठेवलाय.
दिवस आला की टेकवीन."

दमून घरी आले तर उंबऱ्यात मांजरी.
राखाडी. कानाला छापखान्याची शाई.
"जिला तिथी नाही ती अतिथी," मी म्हणाले,
मला असं बोलायची खोड आहे,
"ये, पाट मांडते."

"पाट कायले? बशी मांड व बाई.
अन् शब्दच फोडाचे असन तं माहा फोड.
मांजर. त्याच्या आंधी मार्जार.
त्याच्याबी आंधी मृज्,
म्हन्जे पुसनं, घासनं, लख्ख करनं.
तुह्या टेबलावर ओल्या शाईचा गुरुवार पडून होता,
मी जिभेनं पुसून टाकला. कामच ते हाय माहं.
लोमेशले रिकामी जागा दिसली,
त्यानं जवळचा बुधवार उचलून बसवला.
त्याले कायले बोल लावते?"

"चव कशी होती?"
"पिवळी. चन्याच्या दाळीवानी."
मग मिशा चाटून, विचार करून,
"जराशी उपाशी."

"आणि माझी चूक? एकोणीस वर्षांत एकच, पण केवढी!
तिचं परिमार्जन?"
"त्याच्यातबी मीच हाय. नीट पाय ना,
मधात बसली हाय, शेपूट गुंडाळून."

मी कागद घेतला. लिहिलं: परिमार्जन.
खरंच होती.
ज-च्या डोक्यावर रफार,
तिची एकच मिशी, ताठ.

दूध संपलं. ती माझ्या मांडीवर आली,
डोळे मिटले, आणि पोटातून आवाज:
गुर्र, गुर्र, गुरु, गुर्र.
मी कान लावला.
आत कुणीतरी राहत होतं, ऐसपैस,
दार उघडं टाकून, हातपाय पसरून,
भाडं बुडवून.

पत्ता लिहून घ्यायला मी पेन शोधू लागले.
दुर्पताबाईंना कळवायला हवं होतं.
पण मांडीवर मांजर असताना
उठता येत नाही कुणाला.

बाहेर बुधवार मावळत होता.
शुक्रवारच असेल उद्या.